पितरांचा धवला

"वयनी, नाव घेनार का नाय, तेवरा एकदा सांग," दत्तात्रेय म्हणाला आणि हातातला मांडवाच्या मेढीचा वासा त्याने खड्ड्यात उभा केला. "परवा मांडवात ऐन वेलेला गोंधल नको."

सुचिता अंगण सारवत होती. शेणाचा हात तसाच जमिनीवर टेकून ती दिराकडे न बघता म्हणाली, "मेढ सरल करा भावजी. डावीकडं कलतेय."

"मेढीचा मी बगतो गो. तू माज्या भावाचा बोल."

ती सारवणाचा पुढचा पट्टा ओढू लागली. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत तिची सासू कृष्णाबाई बसली होती. म्हातारीने डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला, एकदा, दोनदा. उजवा हात मांडीवर पडला होता तो पडूनच राहिला.

"आय आयकते," सुचिता म्हणाली. "हलू बोला."

"आयकू दे. चौदा वरसा आमी तिचाच आयकतो हाव."

भाऊ म्हणजे रघुनाथ. दत्तात्रेयाचा थोरला भाऊ, सुचिताचा नवरा, आणि परवा जिची हळद होती त्या जागृतीचा बाप. तो मेला असं घरात कोणी म्हणत नव्हतं आणि जिवंत आहे असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नव्हती. लग्नपत्रिका छापायच्या वेळी प्रेसवाल्याने सरळ विचारलं होतं, नावाआधी श्री लावू की कै? दीर-भावजय एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी नुसतंच 'रघुनाथ धर्मा' छापून आणलं. पत्रिकेत असं चाललं. धवल्यात चालणार नव्हतं.

आता हे धवल्याचं प्रकरण थोडं सांगायलाच हवं. त्या खाडीकाठच्या गावांत लग्नाला भटजी येतो तो उशिरा. त्याच्या आधी घरात शिरते ती धवलारीण. मांडव पुजायचा तिने, हळद लावायला सांगायचं तिने, नवरीला आंघोळीला बसवायचं तिने, आणि हे सगळं बोलून नाही, गाऊन. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील धरली गेली नाही तर ओळ पोचली नाही असं समजायचं. आणि मांडवाच्या सकाळी, बाकी काही करायच्या आधी, पितरांचा धवला. घरातले गेलेले एकेक नावानिशी मांडवात बोलवायचे. नावागणिक एका पानावर मूठभर तांदूळ, वाटीभर पाणी. गेलेल्याचं नाव सुटलं तर तो मांडवाबाहेर उभा राहतो, नवरी निघाली की तिच्या मागे मागे जातो, असं म्हणतात. आणि जित्या माणसाचं नाव घेतलं तर काय होतं, ते सुचिताला एकदा पुरतं कळलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

कृष्णाबाई ही आसपासच्या तीन गावांतली धवलारीण. साधीसुधी नव्हे, पन्नास वर्षं गात आलेली. तिचा आवाज आला की चुलीवरची आधणं बायका खाली उतरवून येत. सुचिता लग्न होऊन आली तेव्हा सासूची पिशवी धरून लग्नोलग्नी जायची, मागे बसून झील धरायची आणि घरी आल्यावर भांडी घासता घासता सगळं पहिल्यापासून म्हणून बघायची. तिला दुसरं काही नकोच होतं. एवढंच वाटे की एक दिवस पुढच्या पाटावर आपण बसावं. पण हे सासूला बोलणार कोण?

बोलला रघुनाथ. भाद्रपदातली सकाळ होती. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत तो म्हणाला, "आये, तुज्या माघारी हिलाच शिकव ना. हिचा गला बग. तुज्यापक्षा पन गोड हाय."

तेवढं शेवटचं वाक्य नसतं बोलला तर बरं होतं. कृष्णाबाईचा पारा चढला. घरात एक धवलारीण आहे तेवढी पुरे, बायकोच्या तालावर नाचणारा पोर माझ्या पोटी कसा आला, इथपासून सुरुवात झाली आणि शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी म्हातारी म्हणाली, "जा. तोंड नको दाखवू मना."

त्याच दिवशी संध्याकाळी उधाणाने खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली, बांध फुटला. खांड पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा, हा गावचा शिरस्ता. रघुनाथ गेला. चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन उतरताना दोघांनी त्याला पाहिलं. खांड बांधून सगळे वर आले, हा आला नाही. तीन दिवस होड्या फिरल्या. फावडं मिळालं. बाकी काही मिळालं नाही. पाचव्या दिवशी आगरदांड्याहून आलेला एक टेम्पोवाला म्हणाला, निळा शर्ट घातलेला असाच एक माणूस मी दिघीच्या बोटीत चढताना बघितला. निळे शर्ट काय, अर्धा रायगड घालतो. पण बुडत्याला काडीचा आधार. कृष्णाबाईने ती काडी घट्ट धरली.

"रागावलाय," ती म्हणायची. "माजा रघू रागावलाय. उतरला राग का येल."

सुचिताच्या कपाळाचं कुंकू तिनेच पुसू दिलं नाही. पुढे दत्तात्रेयाच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा धवला कृष्णाबाईनेच म्हटला. आपल्या नवऱ्याचं, धर्माचं नाव घेतलं आणि तिथून थेट शेवटच्या कडव्यावर उडी मारली. मधली जागा सगळ्या बायकांच्या लक्षात आली. कोणी हूं की चूं केलं नाही. पन्नास वर्षांच्या धवलारणीला कोण विचारणार?

सुचिताला मात्र तिने पितरांचा धवला कधी शिकवला नाही. हळदीचे, तेलाचे, मांडवाचे हळूहळू शिकवले. दुसरं करते काय, वयाने दम लागत होता. पितरांचं आलं की गप्प. एकदा सुचिताने फारच गळ घातली तेव्हा म्हातारी म्हणाली, "तो धवला ज्याला येतो, त्याला एक दिस घरातला नाव घ्यावा लागतो. तुना नको येऊ."

शिकवलं नाही म्हणून काय झालं! सुचिता त्या वेळी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला जात होती. दोनशे चपात्यांत हळदीचा धवला पुरा व्हायचा, साडेतीनशेत मांडवाचा. पितरांचा तिने असाच, लोकांच्या मांडवात झील धरता धरता, एकेक ओळ उचलून जमवला. सुरुवातीला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायची. सासूने ते कागद बघितले आणि चुलीत घातले. "कागदावर ठेवलास तर तोंडात कशाला ऱ्हाईल?" सुचिता त्या दिवशी खूप रडली. पण खोटं कशाला बोला, म्हातारीचं बरोबर होतं. कागद जळल्यावर धवला तोंडात राहिला.

पाठ म्हणायला ती दुपारी खारबांधावर जायची. घरी म्हणायची सोय नव्हती. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि खाडी, बांधावर चिटपाखरू नाही. ती घरच्या पितरांची ओळ म्हणायची,

"पाय धुवाला पानी दिला, बसाला दिला पाट,
हिराजी बाबा या मांडवा, पोर बगते वाट."

आणि थांबायची, कारण झील धरणाऱ्यांना जागा द्यायची सवय. त्या जागेत तिला झील ऐकू यायची.

पहिल्यांदा वाटलं, बांधावर आदळून आपलाच आवाज परत येतोय. पण आपला आवाज कसा? तो बाईचा नव्हताच. आणि झील अर्धा ठेका उशिरा यायची. रघुनाथ असाच धरायचा, मुद्दाम, तिला चिडवायला, दारात विडी ओढत. तिने मागे वळून पाहिलं नाही. घाबरली, पण पळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. कधी यायची झील, कधी नाही. भरतीच्या वेळी जास्त. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोकांनी तिला देवऋषीकडे नेलं असतं आणि आवाज बंद पाडला असता. तिला तो बंद व्हायला नको होता.

मग सहा वर्षांपूर्वी तो दिवस आला. कृष्णाबाईला ताप भरला होता आणि पलीकडच्या गावात लग्न उभं राहिलेलं. सुचिताला बोलावणं आलं. पुढचा पाट मिळाला. घरच्यांनी नावं सांगितली, तिने ती मनात ओवून घेतली. त्या घरात आजा सदाशिव गोमा कधीच गेलेला. आज्याचंच नाव ठेवलेला नातू सदाशिव बाळाराम, त्याला सगळे सदू म्हणत, तो मांडवात मेढीला टेकून चहा पीत बसलेला. सुचिता गात होती, आवाज लागला होता, बायका डोलत होत्या, आणि त्या भरात तिच्या तोंडून गेलं, सदाशिव बाळाराम बाबा, या मांडवा. बायकांनी सवयीने झीलही धरली. धरली आणि मग एकेकीचा हात तोंडावर गेला. सदू कप हातात घेऊन उभाच राहिला.

"मी जिता हाय गो," तो म्हणाला. आधी सगळे हसले. मग कोणी हसेना.

चार महिन्यांनी नाक्यावर डंपरने सदूच्या मोटारसायकलला धडक दिली.

डंपर चालवणारा प्यायलेला होता, सदूच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं, हे सगळं पेपरात आलं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोणाला धरता येतं? सुचिताच्या जिभेवर यम बसतो, असं झालं. त्यानंतर तिला कोणीच बोलावलं नाही. ती झील धरायला गेली तरी बायका सरकून बसायच्या. सहा वर्षं तिने चपात्या लाटल्या आणि बांधावर जाऊन धवले म्हटले. सदूचं तोंड तिच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. कप धरलेला हातसुद्धा तिला दिसायचा. कधी कधी तिलाच वाटे, लोक म्हणतात ते खरं असेल.

मागच्या श्रावणात कृष्णाबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ महिन्यांत तिच्या तोंडून दोनच शब्द नीट आले होते, 'नको' आणि 'रघू'. पाणी हवं असलं तरी नको, भूक लागली तरी नको. तीन गावांत धवलारीण उरली नाही. जागृतीची हळद ठरली तेव्हा डीजेवाला म्हणाला, धवल्यांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, मांडवाच्या सकाळी तेच लावू. दत्तात्रेयाला ते पटलंही होतं.

जागृती अलिबागला एका लॅबमध्ये रक्त तपासते. पोरगी आजीवर गेलेली, तोंडाने फटकळ. ती काकाला म्हणाली, "माझ्या मांडवात पेनड्राइव्ह गाणार नाही. आई गाईल."

"आगो पन तुजी आई..." दत्तात्रेय अडखळला.

"माझी आई काय? सदूकाकाला डंपरने मारलं. आईने नाही."

असं म्हणून ती मोकळी झाली. सुचिताला मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. शेजारच्या सगुणाच्या मुलाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि सगुणाने सरळ सांगितलं होतं, "तुज्या घरचा धवला आयकते, मंग ठरवते." म्हणजे हा मांडव पार पडला तर सुचिता धवलारीण. नाही पडला तर पुन्हा मागची रांग, कायमची. हे गाणं तिला हवं होतं. चाळिशी उलटली तरी पोरीबाळींसारखं हवं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. कारण त्या गाण्यात नवऱ्याचं नाव होतं.

सासूसारखी उडी मारली असती तर? पण कृष्णाबाईने उडी मारली तेव्हा तिच्यामागे पन्नास वर्षं उभी होती. सुचिताने मारली तर बायका म्हणतील, हिला धवला येतच नाही. शिवाय हे रघुनाथाच्या पोरीचं लग्न. तो खरंच गेलेला असला आणि त्याला बोलावलं नाही, तर पोरीच्या मांडवाबाहेर तो उभा राहणार. आणि गेलेला नसला तर? दिघीच्या पलीकडे कुठल्या तरी गावात तो राग धरून बसला असला, आणि इथे आपण त्याचं नाव घेतलं तर? सदूचं झालं ते त्याचं होईल. आणि या वेळी ते चुकून झालं असं म्हणता येणार नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने सासूला बांधावर नेलं. दत्तात्रेयाने खुर्ची आणून ठेवली आणि तो पाव्हण्यांच्या जेवणाचं बघायला निघून गेला. भरती लागत होती. सुचिता बांधावर खाली बसली आणि तिने धवला धरला. हिराजी, चांगुणा, धर्मा. प्रत्येक नावानंतर ती थांबली आणि प्रत्येक नावानंतर मागून झील आली. अर्धा ठेका उशिरा. तिने सासूकडे बघितलं. म्हातारीची मान खाडीकडे वळली होती आणि डोळे भरून आले होते.

"आये," सुचिताने विचारलं, "तुमी पन आयकता?"

कृष्णाबाईने तिच्याकडे पाहिलं. तेवढ्याने सुचिताला कळलं. इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून दोघींनी ही गोष्ट एकमेकींपासून लपवली होती.

"मंग काय करू मी? नाव घेऊ?"

"नको," म्हातारी म्हणाली.

"आये, जिता मानूस बांधावर येऊन झील धरतो का? तुमीच सांगा."

"नको. नको. रघू." तिने डाव्या हाताने सुनेचं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता. नखं रुतली. सुचिताने हात सोडवून घेतला नाही. ती सासूच्या पायाशी तशीच बसून राहिली. पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत चढलं, आणि तिला त्या बाईची फार कीव आली. पोटच्या पोराला 'तोंड दाखवू नको' म्हटलेलं, आणि त्याने ते ऐकलं. तो रागावून गेलाय असं मानलं तर निदान राग उतरायची आशा तरी होती.

घरी जागृती मेंदीचे हात पसरून पंख्याखाली बसली होती. आईचं मनगट तिने बघितलं.

"आजीने?"

"व्हय."

जागृती म्हणाली, "आई, शाळेच्या फॉर्मवर वडील हयात आहेत का असं असायचं. मी ते रिकामं सोडायचे. बाई ओरडायच्या. कॉलेजात पण रिकामं, नोकरीत पण रिकामं. दहा वर्षांची होते मी. रोज पाच वाजता नाक्याकडे बघत बसायचे, दिघीची एसटी येते म्हणून. तुला माहीत पण नाही."

सुचिताला खरंच माहीत नव्हतं.

"मला बाबा हवेत," जागृती म्हणाली. आवाज फुटला तसा तिने मेंदीचा हात वर धरला, डोळे पुसता येईनात म्हणून दंडाने पुसले. "पण आले नाहीत ना ते. आता मी दुसऱ्या घरी जाणार. तिथे पण पाच वाजता बाहेर बघत बसू? नाव घे, नको घेऊ, तुझं तू ठरव. पण मधेच नको सोडू मला."

सुचिताने पदराने तिचं तोंड पुसलं. लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

मांडवाची सकाळ उजाडली. बायका नऊवारी आणि पिवळ्या साड्या नेसून जमल्या. फोटोवाल्याने छत्रीसारखे दिवे लावले होते, ते दत्तात्रेयाने बंद करायला लावले. मधोमध पाट मांडला. समोर ओळीने पानं, शेजारी तांदळाची परात. परात धरून दत्तात्रेय बसला. जागृती डोक्यावर पदर घेऊन. कृष्णाबाईची खुर्ची मेढीपाशी, सगळ्यांच्या मागे. सुचिता पाटावर बसली तेव्हा मागची कुजबुज तिला ऐकू आली. सगुणा पहिल्या रांगेत होती, मांडीवर हात जोडून, परीक्षेला बसवल्यासारखी. परीक्षा खरं तर सुचिताची होती म्हणा.

सुचिताने दोन घोट पाणी घेतलं आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसरीला बसला. हिराजीचं नाव घेतलं, बायकांनी झील धरली, दत्तात्रेयाने पानावर तांदूळ ठेवले. चांगुणा आजी. झील. तांदूळ. बायका सैल झाल्या, एकदोघी डोलायला लागल्या. सासऱ्याचं नाव आलं. धर्मा बाबा, या मांडवा, पोर बगते वाट. आता आवाज असा लागला होता की मांडवाबाहेर केळीची पानं पुसणाऱ्या बायाही हात थांबवून ऐकत होत्या. सुचिताला कळत होतं की आपण चांगलं गातोय. उभ्या आयुष्यात इतकं चांगलं गायलो नव्हतो. आणि पुढे ती जागा होती.

दत्तात्रेयाने मुठीत तांदूळ घेतले आणि तो भावजयीच्या तोंडाकडे बघत राहिला. बायका शेवटच्या कडव्यासाठी श्वास घेऊन बसल्या. त्यांना सवय ती उडी मारायची. सुचिताला मेढीला टेकलेला सदू दिसला. निळा शर्ट दिसला, बोटीत चढणारा. मग पंख्याखाली बसलेली आपली पोर दिसली. तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या रिकाम्या पानाकडे बघत तिने ओळ उचलली.

"पाय धुवाला पानी दिला, बसाला दिला पाट,
रघुनाथ बाबा या मांडवा, पोर बगते वाट."

आणि थांबली.

झील आली नाही.

एका बाईच्याही तोंडून आवाज निघाला नाही. सगुणाने तोंड उघडलं आणि मिटलं. सहा वर्षांपूर्वी सदूच्या नावाला झील धरणाऱ्यांत तीही होती. कोण कशाला ते पाप पुन्हा डोक्यावर घेईल? सुचिता थांबून राहिली. धवलारणीने स्वतःची झील स्वतः धरायची नसते, आणि झील आल्याशिवाय पुढे जायचं नसतं. नाव अधांतरी लोंबकळत राहिलं. बांधावरचा तो आवाज तरी येईल म्हणून तिने कान लावला. आला नाही. जागृती खाली मान घालून रडत होती. आपण नवऱ्याला मारलं आणि त्याला पोचवलंही नाही, असं सुचिताच्या मनात आलं.

मेढीकडून आवाज आला.

आधी कोणाला कळलंच नाही की तो आवाज कोणाचा. घोगरा, ओला, एका अंगाने वाकडा झालेला. "पाय... धुवाला... पानी दिला." आठ महिने जिला पाणी मागता आलं नव्हतं, तिच्या तोंडून शब्द येत होते. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. बायकांनी माना वळवल्या. दत्तात्रेय परात घेऊन अर्धवट उठला. कृष्णाबाई कोणाकडेच बघत नव्हती. पन्नास वर्षांत तिने कधी कोणाची झील धरली नव्हती. तिच्या मांडवात दुसऱ्याची ओळच नसायची. आज ती मागे बसून सुनेची ओळ तिच्याच चालीत, तिच्याच सुरात धरत होती. नावापाशी ती अडकली. छाती वरखाली झाली. सगळा मांडव तिच्यासाठी थांबला. मग तिने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि पोराचं नाव पुरं घेतलं.

"रघुनाथ बाबा... या मांडवा..."

सगुणाला हुंदका आला, पण 'पोर बगते वाट' तिने म्हटलं. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. दत्तात्रेयाने चौथ्या पानावर तांदूळ ठेवले, थोडे सांडले, ते त्याने वेचून पुन्हा पानावर घातले आणि वाटी पाण्याने भरली.

शेवटचं कडवं राहिलं होतं, ज्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत त्या पितरांचं. ते चढ्या लयीत म्हणायचं असतं. सुचिताने मागे पाहिलं. म्हातारी तोंड उघडं ठेवून पुढच्या ओळीची वाट बघत होती, तिला दम लागला होता. सुचिताने कडवं उचललं, पण लय ओढून धरली आणि सासूला गाठता येईल इतक्या संथपणे एकेक शब्द पुढे ठेवत गेली.